पंचावन्न फूट तांबं

ईनिड फेल माझी शेजारीण. वॉल्नी बेटावरच्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, त्यामुळे तिच्या आणि माझ्या स्वयंपाकघराला भिंत एकच. मी या गावात नर्स म्हणून आले त्याला आता तीस वर्षं होतील, आणि त्यातली सव्वीस या भिंतीच्या अलीकडे गेली. पलीकडे कपाट उघडलं, बशी पडली, विल्फला ठसका लागला, की सगळं इकडे ऐकू यायचं.

विल्फ म्हणजे ईनिडचा नवरा. पुलापलीकडच्या गोदीत त्याने चव्वेचाळीस वर्षं पाणबुड्यांमध्ये पाइप बसवले. ईनिडही तिथेच कामाला होती, वरच्या मजल्यावर, नकाशांच्या खोलीत. इंजिनिअर लोक पेन्सिलीने नकाशे काढायचे आणि त्यावर पातळ कापड अंथरून शाईने रेघ न् रेघ गिरवायचं काम बायकांकडे असायचं. ईनिडने वीस वर्षं ते केलं. तिने गिरवलेल्या नकाशावरून खाली विल्फ पाइप वाकवायचा. दोघांची ओळख त्यातूनच झाली. एका नकाशावर तिने एक जोड चुकीच्या बाजूला दाखवला होता, तो सांगायला विल्फ तेलकट हातांनी जिना चढून वर गेला, आणि तिने त्याला दारातच थांबवून आधी हात धुवून ये म्हणून परत पाठवलं. ही गोष्ट विल्फ सांगायचा. ईनिड म्हणायची, ‘जोड बरोबर होता. हा उलटा धरून बघत होता.’

विल्फ गेला तेव्हा ती एक्याऐंशीची होती. ती रडली असेलच, पण भिंतीतून मला कधी ऐकू आलं नाही. तिचे दिवस आखलेले असत. चार वाजता चहा. रविवारी चर्च. तिथल्या सूचनाफलकावर एखादा कागद तिरका दिसला की पिना काढून तो सरळ लावणार, मग आत जाणार. पियानो वाजवायची, पण वाईट, आणि तिला ते ठाऊक होतं.

दोन वर्षांनी ऑक्टोबरात तिचा बॉयलर बंद पडला. चौतीस वर्षं चालला होता, तेव्हा त्याच्याविषयी तक्रार करायला जागा नव्हती. अल्व्हरस्टनला तिची भाची मॉरीन राहते, तिने फोनाफोनी करून एका मोठ्या कंपनीचा नवा बॉयलर ठरवला. दोन माणसं सकाळी आली आणि दुपारी गेलीसुद्धा. जुना बॉयलर सावकाश पाणी तापवून टाकीत साठवायचा. नव्याला टाकी लागत नव्हती, नळ सोडला की तो जागच्या जागी पाणी तापवून देणार. त्या माणसांनी टाकी उचलून नेली आणि नवा बॉयलर आधीच्याच गॅसच्या पाइपाला जोडून दिला.

पहिल्याच रविवारी अंघोळीला बसली असताना पाणी गार पडलं. ओल्या अंगाने ती खाली आली, बटण दाबलं, वर गेली. पुन्हा गार. सोमवारी तिने बटाटे उकडायला ठेवले आणि भांडी घासायला गरम पाणी सोडलं, तर बॉयलर विझलाच. मला इकडे सगळं ऐकू येत होतं. पेटायचा, घरघरायचा, विझायचा. लहान बाळाला उचकी लागावी तसं.

कंपनीची माणसं तीनदा आली. पहिल्याने कसलासा भाग बदलला. दुसऱ्याने रस्त्यावरून येणारा गॅसच कमी आहे असं सांगून हात झटकले. म्हणून गॅसच्या लाइनीकडचा माणूस आला, त्याने जिन्याखालच्या मीटरला आपलं यंत्र लावलं आणि म्हणाला, ‘आजी, इथपर्यंत गॅस हवा तेवढा येतोय. जे काही बिनसलंय ते मीटरच्या पुढे.’ मग कंपनीचा तिसरा माणूस आला. त्याने मीटरपासून पाइपाचा माग काढला. तो पुढच्या खोलीत गेला, तिथून वळला, पियानोच्या मागून वर चढला, खाली उतरला, फडताळाला वळसा घालून स्वयंपाकघरात आला. माणूस हसायला लागला.

‘हा घातला तरी कुणी? कुणा अडाण्याचं काम दिसतंय. वाट फुटेल तिकडे गेलाय.’

ईनिडने त्याचा कोट खुंटीवरून काढला आणि त्याच्या हातात दिला. ‘तुझं काम झालं ना बाळा,’ एवढंच म्हणाली. मग कंपनीला फोन करून सांगितलं, आता कुणाला पाठवू नका.

हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. मला फक्त उचकी ऐकू येत होती. विचारलं तर म्हणायची, ‘नवा आहे, रुळेल.’

ग्लेन ऑर्मंडी माझ्याकडे दर नोव्हेंबरात बॉयलर तपासायला येतो. आस्कमचा आहे, पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा. बोलायला इतका सावकाश की त्याचं वाक्य संपेपर्यंत आपला चहा निवतो. त्या दिवशी तो माझ्या बॉयलरचं झाकण काढून बसला होता, आणि पलीकडचा पेटला. घरघरला. विझला. पुन्हा पेटला. ग्लेनचा हात थांबला. कान देऊन तो दोन मिनिटं तसाच बसला.

‘पलीकडे कोण?’

‘ईनिड फेल. म्हातारी आहे, एकटीच असते.’

‘त्या बॉयलरला श्वास पुरत नाहीये,’ तो म्हणाला. ‘येऊन बघितलं तर चालेल का तिला?’

मी जाऊन विचारलं. ईनिडने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दारात टोपी काढून उभ्या असलेल्या ग्लेनकडे. ‘बूट पुस,’ ती म्हणाली.

ग्लेनने मीटरला गॅसचा दाब मोजायचं आपलं गेज लावलं. घरातले गरम पाण्याचे सगळे नळ सोडायला लावले. मीटरपाशी काटा विसावर होता. मग तो स्वयंपाकघरात गेला, बॉयलरपाशी गेज लावलं, आणि तिथे काटा साडेबारावर. तेवढ्यात बॉयलर विझला.

‘म्हणजे वाटेत साडेसात गळाले,’ ईनिड म्हणाली.

ग्लेनने वळून तिच्याकडे बघितलं. ‘गळाले नाहीत. गळती नाही, ते मी आधी पाहिलं. दमले म्हणा. बारीक पाइप, लांबचा रस्ता. नियमाने एकापेक्षा जास्त दमायला परवानगी नाही त्याला.’ आणि मग तोही पाइपाच्या मागोमाग निघाला. पुढच्या खोलीत तो गुडघ्यांवर बसला. भिंतीच्या कडेने पाइप खिडकीकडे जात होता आणि तिथे एका लांब, मऊ वळणाने कोपरा पार करत होता. कुठे जोड नाही, कुठे चेपलेला नाही. ग्लेनने त्या वळणावरून बोट फिरवलं.

‘हे कुणी केलं, मिसेस फेल?’

‘का?’ तिचा आवाज असा होता की मी दाराकडे सरकले.

‘मला असं वाकवता येत नाही, म्हणून.’

‘माझ्या नवऱ्याने.’

‘गोदीत होते?’

‘चव्वेचाळीस वर्षं.’

‘दिसतंय,’ ग्लेन म्हणाला. तो उठला, त्याचे गुडघे वाजले. ‘सुंदर काम आहे. पण नव्या बॉयलरला हा पाइप पुरायचा नाही. जुन्याला जेवढा गॅस लागायचा त्याच्या तिप्पट हा एका दमात ओढतो. जाड पाइप घालायला हवा, आणि जवळच्या वाटेने.’

‘विल्फने पाणबुड्यांत पाइप घातले,’ ईनिड म्हणाली. ‘त्यातली एकही कधी बुडाली नाही.’

‘पाणबुडी बुडायलाच असते, मिसेस फेल.’

‘बुडाली. आणि दर खेपेला वर आली.’

दोघंही हसले नाहीत, पण मला वाटतं दोघांनाही हसू येत होतं. तेवढ्याने काही झालं नाही. तिने त्याला चहा दिला, आल्याचा केक दिला, आणि कप रिकामा झाल्यावर त्याची टोपी त्याच्या हातात ठेवली. जाताना ग्लेनने एवढंच सांगितलं की शेगडी आणि गरम पाणी एकाच वेळी लावू नका. साखरेच्या भांड्याखाली आपला नंबर लिहिलेलं कार्ड सरकवून तो गेला.

मग थंडी पडली. समुद्रावरून वारा आला की आमच्या गल्लीत दारं आपोआप आपटतात. ईनिड किटलीत पाणी तापवून टबात ओतायची आणि त्या चार इंच पाण्यात अंग धुवायची. मी म्हटलं, हे बरं नाही, माझ्याकडे अंघोळीला येत जा. ती लगेच हो म्हणाली नाही. दोन दिवसांनी म्हणाली, ‘बुधवारी आणि रविवारी. मधल्या दिवशी मी तेवढी मळत नाही.’ ठरल्या वेळी टॉवेल बगलेत धरून यायची, आणि दर खेपेला बदल्यात काहीतरी आणायची. लाल कोबीचं लोणचं. पावाचा तुकडा. एकदा माझ्या पडद्याची उसवलेली शिवण तिने न विचारता घालून दिली.

डिसेंबरात तिला खोकला झाला. मी नर्स, मला त्या खोकल्याचा आवाज आवडला नाही. एका रविवारी अंघोळ करून ती माझ्या स्वयंपाकघरात केस पुसत बसली होती तेव्हा माझा तोल गेला.

‘ईनिड, विल्फ असता तर त्याने तुला असं गारठू दिलं असतं का?’

‘विल्फ असता तर त्याने त्याच दिवशी तो पाइप उपटून दुसरा घातला असता,’ ती म्हणाली. ‘शिट्टी वाजवत. त्याला आपल्या कामाचं कौतुक नव्हतं. काम चुकलं की काढायचं आणि नवं करायचं.’

‘मग?’

‘मग काय. चुकलं की नाही ते त्याने ठरवायचं. तो नाही. म्हणजे ते दुसरंच कुणीतरी ठरवणार. माझ्या घरात उभं राहून एक पोरगा हसला, शारू.’ माझं नाव शरयू, पण ते या गावात कुणालाच झेपलेलं नाही. ‘अडाण्याचं काम म्हणाला. विल्फच्या कामाला. आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण मला ठाऊक नव्हतं.’

‘काय ठाऊक नव्हतं?’

‘की तो खरं बोलतोय का.’

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही हट्टाला पेटलेली नाही. तिला भीती वाटत होती.

ख्रिसमसला मॉरीन येऊन तिला दोन दिवस घेऊन गेली. परत आल्यावर तिने साखरेच्या भांड्याखालचं कार्ड काढलं आणि ग्लेनला फोन लावला. पण पाइप बदल असं म्हणायला नाही. तुम्ही लोक पाइपाची जाडी कशावरून ठरवता, असं तिने विचारलं. ग्लेन म्हणाला, कोष्टक असतं. किती जाडीच्या पाइपातून किती लांबीपर्यंत किती गॅस पोचतो, त्याचं.

‘मला हवंय ते,’ ईनिड म्हणाली.

ग्लेनने कोष्टक स्वतः आणून दिलं. ती दारातूनच त्याची उलटतपासणी घेत होती ते मी माझ्या पायरीवरून ऐकलं.

‘कोपऱ्याच्या जोडाला अर्धा मीटर जास्त धरायचा, असं लिहिलंय.’

‘हो.’

‘आणि पाइपच वाकवला असेल तर?’

‘त्याहून कमी. तीस सेंटिमीटर धरतात.’

‘म्हणजे विल्फने वाकवून वाचवलं.’

‘वाचवलं,’ ग्लेन म्हणाला. ‘पुष्कळ वाचवलं. जोड घातले असते तर जुना बॉयलरही कुरकुरला असता.’

पुढचे चार दिवस भिंतीपलीकडून सामान सरकवल्याचे आवाज येत होते. बुधवारी ती अंघोळीला आली नाही. मी घाबरून तिच्याकडे गेले, तर दार उघडंच होतं. मधल्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर मोठा पांढरा कागद चार कोपऱ्यांना पिना लावून ताणला होता. त्यावर तिचं घर होतं. वरून पाहिलेलं, बाजूने पाहिलेलं, प्रत्येक दार, प्रत्येक पायरी. आणि त्यातून काळ्या शाईने विल्फचा पाइप निघाला होता, वळणं घेत घेत. प्रत्येक तुकड्याशी लांबी लिहिलेली. त्र्याऐंशी वर्षांच्या हाताने ओढलेली ती रेघ कुठे थरथरली नव्हती.

ईनिड टेबलाशी नव्हती. जिन्याखालून आवाज आला, ‘शारू, टॉर्च धर जरा.’

ती मीटरच्या कोनाड्यात गुडघ्यांवर बसली होती, केसांत जळमटं. शेवटचं माप घ्यायचं राहिलं होतं, मीटरपासून भिंतीपर्यंतचं. तिथे मीटरच्या वर टांगलेले जुने कोट, झाडू, विल्फची बागेतली हत्यारं असं सगळं चौतीस वर्षं साचलेलं होतं, ते तिने बाहेर काढलं होतं. मी टॉर्च धरली.

‘तिथे नको. वर. मीटरच्या वर.’

प्लास्टरवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. कामगार लिहितात तसं, मोठ्या, घाईच्या अक्षरात.

सरळ: ३० फूट.
ई.ची वाट: ५५ फूट.
काठावर. चालेल.
जुलै ८८.

मी दोनदा वाचलं. ‘ई. म्हणजे तू?’

‘मी,’ ती म्हणाली.

तिला उठवता उठवता माझा दम निघाला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती बसली, मी जमिनीवर. तिने सांगितलं ते असं.

तो संपाचा उन्हाळा होता. गोदीला टाळं, सगळं गाव घरी. विल्फने ठरवलं की रिकामे हात आहेत तर घरात बॉयलर बसवून टाकू. त्या वेळी मधल्या खोलीत ईनिडची आई होती. तिला जिना चढवत नव्हता, म्हणून पलंग खाली आणला होता, आणि मेपासून ती त्या पलंगावरून उठली नव्हती. मीटरपासून स्वयंपाकघरात जायची जवळची वाट त्याच खोलीच्या लाकडी जमिनीखालून जात होती.

‘मी त्याला म्हटलं, आईच्या पलंगाखालच्या फळ्या उचकटायच्या नाहीत. तिला हलवायचं नाही. ठोकाठोक नको. मग म्हटलं पियानो सरकवायचा नाही, त्याचा सूर जाईल. आणि फडताळाच्या संगमरवराला भोक पाडायचं नाही. मी एकेक सांगत गेले, आणि काम झाल्यावर विसरूनही गेले. तो म्हणायचा, बरं.’ ती थांबली. ‘बरं म्हणायचा आणि जाऊन वाकवायचा.’

‘आणि तुला बोलला नाही की एवढा फेरा घालून गॅस जेमतेम पोचेल.’

‘नाही बोलला. मी आत्ता गणित करून पाहिलं. जुन्या बॉयलरला अगदी काठोकाठ पोचत होता. त्याने लिहिलंय तसंच.’ तिने हातातली पेन्सिल उलटसुलट केली. ‘बोलला असता तर मी आईला हलवायचा विचार केला असता, शारू. त्याला ठाऊक होतं मी करेन. आई सप्टेंबरात गेली. तोवर तिच्या पलंगाला धक्का लागला नाही.’

मी तिचा हात धरला. बोटांना शाई होती.

‘तो पोरगा म्हणाला वाट फुटेल तिकडे गेलाय,’ ती म्हणाली. ‘त्याला काय माहीत, कुणामुळे.’

मग तिने नाक पुसलं, मला किटली ठेवायला सांगितली, आणि टेबलाशी जाऊन दुसरा कागद ताणला.

जानेवारीच्या मध्यावर ग्लेन आला. ईनिडने त्याच्यापुढे नवा नकाशा ठेवला. जाड पाइप, मीटरपासून मधल्या खोलीच्या फळ्यांखालून सरळ स्वयंपाकघरात, एकंदर नऊ मीटर, चार वळणं धरून. ग्लेनने तो नकाशा दोन्ही हातांत धरून इतका वेळ बघितला की ईनिडला राहवेना.

‘चुकलंय का काही?’

‘नाही. असा नकाशा हातात घेऊन मी आजवर कुठल्या घरात शिरलो नाही.’

‘घाण करू नकोस त्याला.’

टेबल बाजूला झालं, गालिचा गुंडाळला गेला. ग्लेन एकेक फळी उचलायला लागला आणि ईनिड दारात खुर्ची टाकून बसली. तासाभराने त्याने खालून हाक मारली.

‘मिसेस फेल, इथे अडचण आहे.’

‘नकाशा बरोबर आहे.’

‘नकाशा बरोबर आहे. घर वाकडं आहे. तुम्ही वासा दाखवलाय तिथून हातभर अलीकडे आहे तो. त्याला इथे खाच पाडली तर तो दबेल.’

ती उठून गेली, फळ्यांच्या कडेला बसली, खाली वाकून बघितलं. मग खोडरबर मागितलं. दोघं मिळून त्या भोकात डोकं घालून वाद घालत होते. तो म्हणायचा डावीकडून, ती म्हणायची डावीकडून गेलास तर एक वळण वाढेल. शेवटी उजवीकडून गेला. मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो तसाच निवला.

दुपारी कधीतरी ग्लेनचा हात खालून वर आला. मूठ उघडली तर धुळीने माखलेल्या केसांच्या तीन पिना.

‘फटीतून पडल्या असतील.’

ईनिडने त्या घेतल्या, एप्रनला पुसल्या आणि खिशात ठेवल्या. ‘रोज सकाळी विंचरायचे मी आईचे केस,’ ती म्हणाली. ‘दर वेळी एक हरवायची. मला वाटायचं विल्फ हत्यार म्हणून वापरायला घेतोय.’

तीन वाजता पाइप जोडून झाला. ग्लेन पुढच्या खोलीत गेला आणि पियानोपाशी उभा राहिला.

‘जुना काढून देऊ का?’

‘प्लास्टर निघेल,’ ईनिड म्हणाली.

‘निघेल थोडं.’

‘मग राहू दे.’

ग्लेनने मान हलवली. पाइप दोन्ही टोकांना कापून त्याने बुचं बसवली आणि ती फडक्याने पुसली.

मग गेज आलं. ते बॉयलरला लावून ग्लेन म्हणाला, ‘तुम्ही वाचा.’ तिने चष्मा बदलला. मी वर जाऊन न्हाणीघरातला नळ सोडला, ग्लेनने खालचा सोडला. बॉयलर पेटला.

‘एकोणीस,’ ईनिड म्हणाली. ‘आणि वर थोडं. एकोणीस पूर्णांक दोन.’

‘मीटरपाशी वीस होतं. आणखी थांबा.’

आम्ही थांबलो. एक मिनिट, दोन, पाच. बाहेर वारा होता. ईनिड नाक गेजला लावून उभी होती.

‘एकोणीस पूर्णांक दोन,’ ती म्हणाली. ‘हलत नाही.’

‘हलायचं नाही आता.’

तिने चष्मा काढला. ‘मग मी अंघोळीला जाते,’ ती म्हणाली आणि खरोखरच गेली, आम्हा दोघांना तिथे सोडून, दिवसाढवळ्या, चार वाजताचा चहा चुकवून.

ग्लेन फळ्या बसवत होता, मी त्याला खिळे देत होते. वर टब भरत होता. भरला, थांबला. थोड्या वेळाने पुन्हा नळ सुटला. ग्लेनने हातोडी खाली ठेवून ऐकलं.

‘दुसऱ्यांदा भरतेय,’ मी म्हटलं.

‘भरू दे.’

आम्ही गालिचा अंथरला, टेबल जागेवर ओढलं. ग्लेनने तिचा नकाशा गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घातला आणि मला हळूच विचारलं, ‘मी नेला तर चालेल का हो? कामासाठी नको. असाच.’ मी म्हटलं, तिलाच विचार. त्याने नळी परत टेबलावर ठेवली.

तासाभराने ईनिड खाली आली. गाल लालबुंद, ओले केस मागे घेतलेले, अंगात जाड झगा. परक्या पुरुषासमोर असं यायची तिची रीत नव्हती, पण त्या दिवशी तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

‘बोटं बघ,’ तिने सुरकुतलेली बोटं मला दाखवली. मग ग्लेनला म्हणाली, ‘तू जेवलास का सकाळपासून?’

‘मी जाताना घेईन काहीतरी, मिसेस फेल.’

‘ईनिड म्हण. आणि बस तिथे.’

तिने चारही शेगड्या एकदम पेटवल्या. एकीवर बटाट्याचे काप, एकीवर अंडी, एकीवर वाटाणे, एकीवर किटली. ग्लेन नजर चुकवून बॉयलरकडे बघत होता. ईनिडने ते पाहिलं.

‘गेज काढून ठेव आता,’ ती म्हणाली. ‘जेवताना टेबलावर हत्यारं नकोत.’

त्याने काढून ठेवलं. नकाशाचं त्याने जेवण होईपर्यंत विचारलं नाही. तिसरं अंडं संपल्यावर विचारलं. तिने आधी त्याला भांडी घासायला लावली, आणि मग दिला.